शेवटच्या पंगतीतलं पान

एकदा एक वयोवृद्ध गृहस्थ भरल्या पानावर बसले आणि जेवलेच नाहीत. ते जेवले नाहीत म्हणून शेजारचे जेवले नाहीत, शेजारचे जेवले नाहीत म्हणून समोरचे जेवले नाहीत, आणि बघता बघता दीडशे धडधाकट माणसं हात धुऊन, मांडी घालून, गरमागरम लापशीकडे नुसती बघत बसली. ऐकायला गंमत वाटते. मलाही वाटली होती. पण गोष्ट पुरती ऐकली आणि त्या दीडशे जणांत मला माझाही चेहरा दिसला.

गाव नदीच्या वळणावरचं, दोनशे-अडीचशे उंबऱ्यांचं. चैत्रात ग्रामदैवताचा भंडारा व्हायचा. गव्हाची लापशी, भात, आमटी, वांग्याची भाजी, आणि वर साजूक तुपाची धार. या भंडाऱ्याच्या रीती ठरलेल्या होत्या आणि गावाला त्यांचा फार अभिमान होता. पहिली पंगत मानकऱ्यांची आणि कर्त्या पुरुषांची. दुसरी बाहेरगावच्या पाहुण्यांची, तरण्या पोरांची आणि लेकरांची. तिसरी बायकांची. ती बसेपर्यंत दिवेलागण व्हायची, लापशी भांड्याच्या बुडाला गेलेली असायची आणि वांग्याच्या भाजीत वांगं शोधावं लागायचं. रांधायचं बायकांनी, वाढायचंही बायकांनीच. पहाटे चूल पेटली की पुरुषांच्या पंगती उठेपर्यंत स्वयंपाकातल्या बाईनं तोंडात काही घालायचं नाही, नाहीतर सगळा प्रसाद उष्टा झाला, असं मानत.

आणखी दोन नियम होते. भरलं पान टाकून उठायचं नाही, तो अन्नाचा अपमान. आणि पहिला घास गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा. त्यानं घास घेतल्याशिवाय गावात कुणीही उष्टं करायचं नाही. हा मान वीस वर्षांपासून आबांकडे होता. आबा ऐंशी पार केलेले. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनीच हाताला धरून अक्षर शिकवलेलं. त्यामुळे आबांचा शब्द म्हणजे शब्द.

त्यांचा एक शिष्य होता, हैबती. तिशीच्या आतबाहेरचा, शेती करणारा, घरदार असलेला माणूस. आबांची नजर मंदावल्यापासून तो रोज संध्याकाळी त्यांना पोथी वाचून दाखवायला जाई. हैबती डोक्यानं तल्लख आणि जिभेनं त्याहून. पण गेले दोन महिने त्याचं वाचनात लक्ष नव्हतं. ओळ सुटायची, पान चुकायचं. आबांच्या ते ध्यानात आलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही. सांगायचं झालं की माणूस आपण होऊन सांगतो, असा त्यांचा अनुभव.

कारण असं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या भंडाऱ्यात हैबतीची बायको सगुणा पाच महिन्यांची गरोदर होती. पहाटेपासून उपाशी चुलीपाशी उभी राहिली, दुसरी पंगत वाढताना चक्कर येऊन पडली, आणि तिसऱ्या दिवशी पोटातलं मूल गेलं. गाव हळहळलं. नशीब म्हणालं आणि आपापल्या कामाला लागलं. आता सगुणाला पुन्हा दिवस गेले होते, सहावा महिना होता, आणि भंडारा पंधरा दिवसांवर आला होता. वैद्यांनी बजावलं होतं की या खेपेला उपास नको आणि दिवसभर उभं राहणं तर मुळीच नको.

हैबतीनं आधी घरात प्रयत्न केला. त्याची आई तान्हूबाई. भंडाऱ्याच्या चुलीची ती मानकरीण, चाळीस वर्षं तिच्या हातची चव गाव खात आलेलं. तिनं मुलाचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तू पोटात होतास तेव्हा मला आठवा लागला होता, मी उभी राहिले, तुला काय झालं? आमच्या घरची सून चुलीला आली नाही, तर गाव काय म्हणेल? मग त्यानं सगुणाला गाठलं. म्हणाला, पहाटे निघायच्या आधी भाकरी खा, मधे मी काहीतरी आणून देईन, कुणाला कळणार नाही. सगुणा एवढी दचकली की हैबतीला नवल वाटलं. ती नाही म्हणाली. का नाही, ते सांगेना. फार खोदून विचारलं तेव्हा डोळ्यांना पदर लावून आत निघून गेली. जिच्यासाठी हा सगळा आटापिटा, तीच हटून बसली होती.

मग हैबतीनं मोठा मार्ग धरला. तीन दिवस खपून त्यानं भाषण तयार केलं आणि चावडीवर गावाला ऐकवलं. काय मुद्दे होते म्हणून सांगू! जी रांधते ती उपाशी का? देवाला भुकेल्या हातांचा नैवेद्य कसा रुचेल? हा नियम लिहिलाय कुठं? लोकांनी माना डोलावल्या. पाटलांनी पाठ थोपटली, मुद्दा रास्त आहे म्हणाले, पोरगं बोलतं झकास म्हणाले, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणून सुपारी कातरायला घेतली. हैबती घरी आला तो संतापानं लाल झालेला.

त्या संध्याकाळी त्यानं पोथी उघडलीच नाही. सगळं आबांपुढं ओतलं. आबांनी नुसता हुकूम करावा, एवढंच त्याचं मागणं होतं. बायकांची पंगत आधी बसेल असं तुम्ही म्हणा, कुणाची ना म्हणायची छाती आहे?

आबा म्हणाले की हुकूम पाळतील, आणि मी गेलो की तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मोडतील. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"हैबती, भंडाऱ्याच्या दिवशी तू स्वतः कधी उपाशी राहिलायस?"

 पहिल्या पंगतीत हैबतीचं पान ठरलेलं असे आणि जेवून तो वडाखाली आडवा होत असे. पण प्रश्नाचा रोख त्याला कळला नाही. त्याला वाटलं, आबांनी टाळलं. गुरूवर रागावू नये म्हणतात, पण तो रागावला. पुढचे आठ दिवस पोथी वाचायला गेलासुद्धा नाही.

भंडाऱ्याचा दिवस उजाडला. सगुणा पहाटेच सासूबरोबर गेली, पोटात पाण्याशिवाय काही नाही. सूर्य वर चढत गेला तसं हैबतीला एका जागी बसवेना. तो दर थोड्या वेळानं स्वयंपाकाच्या मांडवाकडे जाऊन लांबून बघे. ती कधी भाताचं तपेलं उतरवताना दिसे, कधी कंबरेवर हात ठेवून टेकलेली दिसे. एकदा तिनं कपाळ पुसलं आणि खांबाला धरून डोळे मिटले, तेव्हा त्याला वाटलं की आत घुसावं आणि तिला उचलून घरी न्यावं. पण सगळं गाव बघत होतं. तोही त्याच गावचा होता. नाही गेला.

दुपारी पहिली पंगत बसली. दीडशे पानं. मीठ, लिंबू, चटणी, भाजी, भात, आमटी, लापशी सगळं वाढून झालं, तूप फिरलं, देवाचा जयजयकार झाला, आणि सगळ्यांच्या नजरा आबांच्या उजव्या हाताकडे लागल्या. आबांनी तो हात उचलला, डाव्या हाताला जोडला आणि पंगतीला नमस्कार केला.

"मंडळी, मी आज शेवटच्या पंगतीबरोबर घास घेईन," ते म्हणाले आणि डोळे मिटून शांत बसले.

कुणाला काही उमगेना. पाटील वाकून विचारू लागले की प्रकृती बरी नाही का, कुणाचं काही चुकलं का, नवस वगैरे आहे का. आबा म्हणाले, राग नाही, आजार नाही, नवस नाही. पहिला घास माझा, एवढंच गावानं ठरवलंय; तो मी कोणत्या पंगतीबरोबर घ्यायचा, हे कुठं ठरलं असेल तर दाखवा. म्हाताऱ्या मानकऱ्यांनी बराच वेळ आठवून बघितलं. असं काही ठरलेलं कुणालाच आठवेना.

बरं, मग आम्हाला तरी सुरुवात करायची परवानगी द्या, पाटलांनी विनवलं. आबांनी डोळे उघडले. परवानगी द्यायचा अधिकार मला कुणी दिला, ते म्हणाले. रीत गावाची आहे. मोडायची असेल तर तुम्ही मोडा. मी आयुष्यभर पाळत आलो, आज या वयात मोडणार नाही.

आता पंचाईत झाली. घास घेता येईना आणि भरलं पान टाकून उठताही येईना. प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघे. शेजाऱ्यानं उष्टं केलं असतं तर प्रत्येकानं केलं असतं, पण पहिला कोण होणार? दीडशे माणसांत एक पैलवान होता, वाघासारखा गडी; तोसुद्धा लापशीकडे बघून आवंढा गिळत होता आणि बोटं मुठीत दाबून धरत होता. लापशी निवली. भातावर माशा बसू लागल्या. आमटीचा वास मात्र मांडवातून येतच होता, फोडणीचा, खमंग, जीव नकोसा करणारा.

हैबती आबांच्या शेजारीच बसला होता. भूक म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं, शेतात कधी न्याहारी उशिरा आली की लागायची तेवढी. ही भूक वेगळी होती. समोर अन्न, नाकात वास, आणि हात बांधलेले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, त्याच्या पोटात पीळ पडला आणि डोकं हलकं होऊ लागलं. आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं की सगुणा पहाटेपासून, पोटात एक जीव घेऊन, याच वासात उभी आहे. आपण तीन दिवस खपून तिच्या भुकेवर भाषण लिहिलं, तेही पोटभर जेवून लिहिलं. त्याला आपली फार लाज वाटली.

तासाभरानं पंगतीला कंठ फुटला. शेवटच्या पंगतीबरोबरच घास घेणार ना आबा, मग शेवटची पंगत आत्ताच बसवा की! ही कल्पना पाटलांची. होय, ज्यांना पुढच्या वर्षी बघायचं होतं त्यांचीच. पण बायका बसणार कुठं? जागा तर आपण अडवलेल्या. मग उठा. उठायचं कसं, भरलं पान टाकून? इथं गाडी अडली. शेवटी एका म्हाताऱ्या मानकऱ्यानं तोड काढली. पान टाकून उठायचं नाही हे खरं, पण आपल्या जागी दुसरं कुणी बसलं तर पान टाकलं असं होईल का? नाही होणार, सगळे एका सुरात म्हणाले. एवढी एकवाक्यता त्या गावात पूर्वी कधी झाली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या जो प्रश्न कुणाला दिसला नव्हता, तो पोटात कावळे ओरडू लागल्यावर एका दुपारी सुटला.

निरोप मांडवात गेला. आणि बायका आल्याच नाहीत.

दारात तान्हूबाई उभी राहिली होती, हातात आमटीची मोठी पळी. तिच्या मागं सगळ्या बायका, कुणी बाहेर बघतेय, कुणी खाली. तान्हूबाई चालत पंगतीपर्यंत आली, आबांच्या पानासमोर थांबली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या पानापर्यंत ऐकू गेला.

"आबा, तुम्ही मोठे. पण मला एक सांगा. चाळीस वर्षं मी या चुलीवर उपाशी उभी राहिले. पोटुशी असताना राहिले, अंगात ताप असताना राहिले. आज ह्या पोरी ऊन डोक्यावर असताना जेवल्या, तर माझी चाळीस वर्षं कशापायी गेली?"

 हैबतीनं भाषणात एकोणीस आक्षेपांना उत्तरं तयार ठेवली होती. हा विसावा होता, आणि त्याच्या आईचा होता, आणि त्याला त्याचं उत्तर येत नव्हतं. तिच्याकडे बघताना त्याला पहिल्यांदाच वाटलं की ही सगुणाच्या वाटेत उभी नाही, ही सगुणाच्याच रांगेत उभी आहे, चाळीस वर्षं उपाशी.

 आबा म्हणाले, "तान्हू, तू उपाशी राहिलीस तेव्हा आम्हाला ते ठाऊक नव्हतं. म्हणजे दिसत होतं, पण ठाऊक नव्हतं. नकळत चाललं तोवर त्याला रीत म्हणत होतो. आज या दीडशे जणांनी एक तास भूक काढलीय. आता ठाऊक झालंय. यापुढं या पोरींना उभं ठेवलं तर त्याला रीत म्हणता येणार नाही, दुष्टपणा म्हणावं लागेल. तुझी चाळीस वर्षं मोठीच आहेत. ती कशापायी गेली ते मी ठरवू शकत नाही, या गावात ते फक्त तू ठरवू शकतेस. म्हणून तर मी थांबलोय. तू बसलीस तर माझा घास होईल."

तान्हूबाई उभी होती. तिनं पंगतीवरून नजर फिरवली, मग मागं वळून मांडवाकडे बघितलं. सगुणा खांबाला धरून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. तान्हूबाईनं ते बघितलं. नीट, पहिल्यांदा बघावं तसं बघितलं. मग ती पाटलांकडे गेली आणि हातातली पळी त्यांच्या हातात दिली.

"घ्या," ती म्हणाली, "आमटी तळाला लागंल. हलवत राहा."

आणि गावाच्या पाटलांनी ती घेतली.

पुढचं सांगायला मला फार आवडतं. पुरुष उठले, बायका बसल्या. अवघडून, पदर सावरत, एकमेकींना कोपरानं ढोसत. लेकरं कुठून कुठून धावत आली आणि आयांच्या मांडीत शिरली. आबांच्या एका बाजूला तान्हूबाई, तिच्या शेजारी सगुणा. आबांनी लापशीचा घास घेतला. सगळी पंगत जेवू लागली. सगुणा मात्र पानाकडे बघत नुसती बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं.

तान्हूबाईनं विचारलं, काय होतंय तुला? सगुणा हळू बोलली, पण हैबती तिथंच भाताचं ताट घेऊन उभा होता, त्यानं ऐकलं.

"आत्याबाई, मागच्या खेपेला मला राहवलं नाही. दुसरी पंगत वाढायच्या आधी मी गुळाचा खडा तोंडात टाकला होता. प्रसाद उष्टा केला. म्हणूनच माझं बाळ गेलं. आज पुन्हा नको मला."

 दोन वर्षं ही बाई हे पोटात घेऊन हैबतीच्या शेजारी झोपत होती, उठत होती, हसत होती. आणि तो गावाला मुद्दे पटवत फिरत होता.

 तान्हूबाईनं कमरेला खोचलेला पदर काढला, त्याच्या टोकाची गाठ दातांनी सोडली आणि आतली वस्तू सुनेच्या पानावर ठेवली. सुपारीएवढा गुळाचा खडा होता. सकाळपासून गाठीत राहून मऊ झालेला.

"दर भंडाऱ्याला बांधून आणते आणि गुपचूप तोंडात टाकते," ती म्हणाली. "चाळीस वर्षं झाली. सात लेकरं झाली मला, साती जगली. तुझं बाळ गुळानं नाही गेलं गं. तुला उभं ठेवलं, मी ठेवलं, त्यानं गेलं."

एवढं बोलून तिला रडू कोसळलं. समोरच्या रांगेत एक सत्तरीची म्हातारी बसली होती. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि गुपचूप आपल्या पदराची गाठ सोडली. गूळ. तिच्या शेजारणीनं सोडली. शेंगदाणे. पलीकडे एकीची खारीक निघाली, एकीचे फुटाणे. एक नवी नवरी होती, पहिलाच भंडारा तिचा. तिच्या गाठीत आईनं माहेराहून निघताना बांधून दिलेली खडीसाखर होती. रांगच्या रांग गाठी सोडत चालली. प्रत्येकीला इतकी वर्षं वाटत होतं की या गावात पाप करणारी आपण एकटीच. एक जण फिसकन हसली, मग दुसरी, आणि मग सगळी पंगत अशी हसत सुटली की देवळाच्या कळसावरचे पारवे उडाले. रडणाऱ्याही हसत होत्या. सगुणाही हसली, आणि मग जेवली. पोटभर जेवली. लापशी दोनदा मागून घेतली.

पुरुषांचं वाढणं म्हणजे एक तमाशाच होता. जन्मभर पानावर बसले, पण मीठ कुठं असतं आणि चटणी कुठं, हे एकालाही सांगता येईना. पाटलांनी आमटी लापशीवर ओतली. पैलवानानं भाताचा आग्रह करता करता एका म्हातारीला भातात पुरलं. बायका शिकवत होत्या, हसत होत्या, आणि चुकलं तर सोडत नव्हत्या. मग पाहुणे आणि तरणी पोरं जेवून उठली, आणि दिवेलागणीला पुरुषांची पंगत बसली. लापशी गार, आमटी तळाला लागलेली, कारण पाटील पळी सोडून मधेच वाढायला निघून गेले होते. कुणी चकार शब्द काढला नाही. मान खाली घालून जेवले आणि त्यांना तेही गोड लागलं.

दुसऱ्या संध्याकाळी हैबती आबांकडे गेला. पाया पडला आणि पोथी उघडण्याआधी त्यानं विचारलं की आबा, मी एवढं सांगून जे झालं नाही, ते तुम्ही काही न सांगता कसं केलंत?

आबा म्हणाले, "तुझं बोलणं लोकांना पटलं नव्हतं, असं समजू नकोस. पटलं होतं. पण पटल्यानं माणसाची मान हलते, माणूस हलत नाही. ज्या रीतीचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर असतं, ती रीत आपल्याला पवित्र वाटते. मी रीत मोडली नाही. तिचं ओझं तासभर त्यांच्या डोक्यावर ठेवलं, बाकीचं त्यांनीच केलं."

"पण आई तर तेच ओझं वाहत होती. तिनं का अडवलं?"

"ज्यानं जास्त सोसलं, त्याला बदल जास्त जड जातो. त्याला वाटतं, हे मोडलं तर माझं आयुष्य फुकट गेलं. त्याला आधी मान द्यावा लागतो, मुद्दा नंतर. तू मुद्दा घेऊन गेलास." आबांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. "आणि त्या पदराच्या गाठी मला ठाऊक नव्हत्या. खोटं कशाला बोलू? वीस वर्षं पहिला घास घेतला आणि मला ठाऊक नव्हतं. रीत भक्कम दिसते ती पाळणाऱ्यांच्या जोरावर, असं मी समजत होतो. काल कळलं, मोडणारे एकमेकांना भेटत नाहीत म्हणून ती भक्कम दिसते."

हैबतीनं मान खाली घातली. मग त्यानं पोथी उघडली, आणि त्या दिवशी एकही ओळ सुटली नाही.

आषाढात सगुणा बाळंत झाली. मुलगी झाली, गुटगुटीत, आवाजाची खणखणीत. नऊ महिन्यांनी चैत्र आला, भंडारा आला, आणि तान्हूबाईनं ठरवलं की नातीचं उष्टावण पहिल्याच पंगतीत करायचं. पहिली पंगत बायकांची आणि लेकरांची होती. आबांनी घास घेतला आणि आपल्या थरथरत्या बोटानं चिमूटभर मऊ भात त्या पोरीच्या जिभेवर ठेवला. तिनं तोंड वाकडं केलं आणि मग आणखी मागितलं.

बाहेरगावचा एक पाहुणा हे सगळं आश्चर्यानं बघत होता. त्यानं पाटलांना विचारलं की तुमच्याकडे बायका आधी जेवतात, हे कसं काय? पाटलांनी धोतराचा काचा मारलेला होता, हातात आमटीचं भांडं होतं. ते छाती पुढं काढून म्हणाले की आमच्या गावची ही फार जुनी रीत आहे, वाडवडिलांपासून चालत आलेली, आणि ती मोडायची कुणाची छाती नाही.

हैबतीनं ते ऐकलं आणि त्याचं डोकं भडकलं. एका वर्षापूर्वी काय झालं होतं ते पाहुण्याला सांगायला तो निघालाच होता. आबांनी त्याचा हात धरला. म्हातारा माणूस, पण डोळ्यांत अशी चमक होती की हैबतीनं ती पूर्वी कधी पाहिली नव्हती.

"गप्प बैस," आबा म्हणाले. "वर्षभर ते याला बदल म्हणत होते, तोवर मला धाकधूक होती. आज रीत म्हणाले. जिंकलास तू."

हैबतीला हसू फुटलं. तेवढ्यात पंगतीच्या मधून सगुणानं हात वर केला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात भात मागितला. तो धावत गेला.